पसरणी घाट, भरलेली पिकअप आणि क्राऊन-पिनियनचा रेशो : प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५

गाडी धाकट्या भावाची. डिझेल पिकअप, २०१७ची, सेकंड हॅण्ड घेतलेली, ओढ मागच्या चाकांना, पाच गिअर. आम्ही राहतो वाईत आणि गाडीचं बहुतेक काम पाचगणीच्या वर, भिलार-महाबळेश्वरच्या पट्ट्यात. साताऱ्याच्या एमआयडीसीत गिअर तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून या कामाचं मोजमाप आणि नोंदी माझ्याकडे.

तक्रार अशी, की माल भरून पसरणी घाट चढताना तिसऱ्या गिअरला गाडी ओढत नाही आणि दुसऱ्याला इंजिन ओरडतं. वळण संपून रस्ता जरा सरळ झाला की धाकटा तिसरा टाकतो, गाडी थोडं अंतर जाते आणि पुन्हा दम टाकते. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांमागे चढावर थांबावं लागलं, तर पुन्हा उचलताना क्लचचा वास येतो.

इंजिनात खोट सापडली नाही. मिस्त्रींनी कॉम्प्रेशन, इंजेक्टर, टर्बोचे पाइप, एअर फिल्टर सगळं पाहिलं. रिकामी गाडी हायवेला झकास पळते. ताकद तयार होते आहे. ती चाकापर्यंत किती पटीने पोचते, हे बघायचं. मागच्या मालकाने मूळचे २१५/७५ आर १५ टायर काढून २३५/७५ आर १५ बसवलेत, शेतरस्त्याला गाडी उंच राहावी म्हणून. टायर मालवाहू गाडीचेच आहेत, बाजूवरचा भाराचा आकडा वाचून खात्री केली. पण मोठा टायर म्हणजे चाकाच्या एका फेरीत जास्त रस्ता, आणि तेवढीच ओढ कमी.

धाकटा म्हणतो, "ताई, क्राऊन बदलून टाकू. घाटावरचे सगळे बदलतात." क्राऊन म्हणजे मागच्या ॲक्सलमधलं मोठं दातेरी चाक; शाफ्टच्या टोकाचं छोटं पिनियन त्याला फिरवतं. क्राऊनच्या एका फेरीला पिनियनच्या जितक्या फेऱ्या, तो रेशो. बदलूही. पण किती दातांचा घ्यायचा ते मोजून ठरेल.

१० ऑगस्ट

आधी गाडीत काय आहे ते पाहिलं. त्यासाठी हाउसिंग, म्हणजे क्राऊन-पिनियनची पेटी, उघडावं लागत नाही. मागचं एक चाक जमिनीवर ठेवलं, दुसरं जॅकवर उचललं, पुढच्या चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रल. उचललेल्या चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूच्या खुणा केल्या. एक चाक अडलेलं असलं की डिफरेन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी यंत्रणा) मोकळं चाक दुप्पट फिरतं, म्हणून मोकळ्या चाकाच्या २० फेऱ्या म्हणजे क्राऊनच्या १०. तेवढ्यात शाफ्टच्या बरोबर ४१ फेऱ्या झाल्या. म्हणजे क्राऊनला ४१ दात, पिनियनला १०, रेशो ४.१०.

सरळ ४० आणि १० का नसतात, असं धाकट्याने विचारलं. ४०-१०मध्ये पिनियनचा एक दात क्राऊनच्या ठरावीक चारच दातांना आयुष्यभर भेटत राहील. एका दाताला खोड असेल तर ती त्या चौघांवरच कोरली जाईल. ४१-१०मध्ये प्रत्येक दात फिरत फिरत समोरच्या सगळ्या दातांना भेटतो आणि झीज सारखी वाटली जाते. म्हणून क्राऊनच्या जोड्यांचे आकडे असे अडनिडे दिसतात: ४१-१०, ४१-९, ३९-८, ४१-११.

मग टायर. कागदावरच्या मापाने २१५/७५ आर १५चा व्यास ७०३ मिमी येतो, २३५/७५चा ७३३. पण भरलेल्या गाडीखाली टायर दबतो, म्हणून माल असतानाच मोजलं. सपाट रस्त्यावर टायरला खडूची रेघ, गाडी हळूहळू ढकलत दहा फेऱ्या, आणि टेप: २२.३ मीटर. एका फेरीला २.२३ मीटर. जुन्या मापाचा टायर याच हिशेबाने २.१४ मीटर गेला असता. म्हणजे आत्ता गाडीत ४.१०चा क्राऊन असला, तरी मूळच्या टायरांच्या मानाने तो ३.९३सारखा वागतोय. कंपनीने दिलेली चार टक्के ओढ टायरांनी खाल्ली.

गाडीच्या पुस्तिकेतून: पहिला गिअर ३.७८, दुसरा २.२०, तिसरा १.३७, चौथा १.००, पाचवा ०.८३. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जास्तीत जास्त १९५ न्यूटन-मीटर, मिनिटाला १,४०० ते २,२०० फेऱ्यांच्या दरम्यान.

१७ ऑगस्ट

पावसाची उघडीप मिळाली. भुईंजकडच्या वजनकाट्यावर भरलेली गाडी चढवली: २,९०० किलो, ड्रायव्हर धरून. खताची पोती, मल्चिंगचे रोल आणि वर ठिबकच्या नळ्या. रिकामी साधारण १,७०० भरते. मागची चाकं एकटी काट्यावर घेऊनही पाहिलं, कारण ओढणारी चाकं तीच आणि हाउसिंगवर बसणारा भारही तोच.

घाटाचा चढ. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर आणि पाचगणी सुमारे १,२९० मीटरवर. मधलं अंतर रस्त्याने बारा-तेरा किलोमीटर, त्यातला पसरणीपर्यंतचा रस्ता जवळपास सपाट. म्हणजे घाटाची सरासरी पाच टक्क्यांच्या पुढे जाते. पण गाडी सरासरीवर चढत नाही. तिला प्रत्येक तुकडा चढावा लागतो, आणि अडते ती सगळ्यात उभ्या तुकड्यावर. म्हणून एक मीटरची सरळ पट्टी आणि गवंड्याची स्पिरिट लेव्हल घेऊन आम्ही दोघं घाटात गेलो. धाकटा मागून येणाऱ्या गाड्यांना हात करत उभा, मी पट्टी टेकवून खालच्या टोकाखालचं अंतर मोजत होते. बऱ्याच ठिकाणी सहा सेंटिमीटर, म्हणजे सहा टक्के. वळणांच्या तोंडाशी आठ-नऊ. आतल्या बाजूला त्याहून जास्त, पण तिथे भरलेली गाडी घालायचीच नाही.

हिशेबासाठी दोन आकडे धरले: ६ टक्के आणि ९ टक्के.

२४ ऑगस्ट

आजचा दिवस वहीचा.

२,९०० किलोची गाडी ९ टक्के चढावर मागे ओढली जाते ती साधारण २,५६० न्यूटनने. टायर रस्त्यावर लोळण्याचा विरोध दीड टक्का धरला, तर आणखी ४३०. एकूण सुमारे २,९९० न्यूटन. घाटातल्या वेगाला वाऱ्याचा विरोध नगण्य, तो सोडला. टायरची त्रिज्या २.२३ मीटरवरून ०.३५५ मीटर निघते, म्हणजे चाकाला १,०६० न्यूटन-मीटर लागणार. गिअरबॉक्स, जॉइंट आणि क्राऊनमध्ये मिळून दहा टक्के वाया जातात असं धरलं, की मागणी १,१८० होते.

आता हा आकडा तिसऱ्या गिअरने आणि क्राऊनच्या रेशोने भागायचा.

४१-१० (४.१०): इंजिनाकडे मागणी २१० न्यूटन-मीटर.
४१-९ (४.५६): १८९.
३९-८ (४.८८): १७६.

इंजिन देतं १९५. धाकटा महिनोन्‌महिने जे पायाने सांगत होता ते कागदावर आलं. ४.१०ला नऊ टक्के चढावर तिसरा गिअर धरणं इंजिनाच्या आवाक्यात नाही, ड्रायव्हर कितीही कसलेला असो. सहा टक्क्यांवर चौथा गिअर तपासला तर चित्र तसंच: ४.१०ला २०५ लागतात, ४.५६ला १८५, ४.८८ला १७३.

मूळचे टायर परत बसवले तर? तोही हिशेब केला, कारण चार टायर बदलायची वेळ कधीतरी येणारच आहे. ४.१० आणि लहान टायर, तिसरा गिअर, नऊ टक्के: २०१. जवळ आलं, पण पार नाही. शिवाय शेतरस्त्याची उंची गेली.

इथे एक गोष्ट धाकट्याला नीट समजावून सांगितली, कारण गॅरेजच्या बाकावर ती नेहमी चुकीची सांगितली जाते. क्राऊन बदलल्याने इंजिनाची ताकद अर्ध्या घोड्यानेही वाढत नाही. ९ टक्के चढावर ३५च्या वेगाने २,९०० किलो चढवायला इंजिनाकडून सुमारे ४३ हॉर्सपॉवर लागतात, क्राऊन कुठलाही असो. फरक पडतो तो एवढाच, की ते ४३ हॉर्सपॉवर इंजिनाने कोणत्या फेऱ्यांना द्यायचे. ४.१०ला तिसऱ्यात ३५च्या वेगाला इंजिन १,४७० फेऱ्यांवर असतं, ४.५६ला १,६३० वर, ४.८८ला १,७५० वर. आपल्याला गाडी अशा गिअरमध्ये हवी, की घाटाचा नेहमीचा वेग आणि इंजिनाचा भरलेला टॉर्क एकाच जागी भेटतील. सध्या ती जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधल्या फटीत पडते. ती फट सरकवण्यासाठी रेशो बदलायचा.

आणि दुसरं टोक हायवे. ८०च्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये: ४.१०ला २,०३० फेऱ्या, ४.५६ला २,२६०, ४.८८ला २,४२०.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती बसणार. गॅरेज गौरी जाईपर्यंत बंद. धाकट्याला भाडी आहेत, तोवर दुसऱ्या गिअरने चढायचं आणि क्लच जपायचा.

३ सप्टेंबर

मिस्त्रींशी बराच वेळ बोलणं झालं. त्यांचा हात या भागातल्या कितीतरी हाउसिंगांवर फिरलाय आणि त्यांचं मत ठाम: "ताई, घाटाची गाडी म्हणजे ३९-८. एकदाच टाका, परत बघायला नको." त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. ४१-९ने नऊ टक्क्यांवर हाताशी उरतात सहा न्यूटन-मीटर. म्हातारं होत चाललेलं इंजिन, उन्हाळ्यात तापलेली हवा, कधी शंभर-दोनशे किलो जास्त माल, आणि ते सहा गेले. ३९-८ने जवळपास वीस उरतात.

तरी मी ४१-९कडे झुकले आहे. कारणं लिहून ठेवते.

पहिलं म्हणजे माल कुठल्या दिशेला जातो. ऑगस्टपासून लागवड संपेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, गाडी भरून वर जाते: शेणखत, रासायनिक खत, मल्चिंग, रोपं. नोव्हेंबर ते एप्रिल ती स्ट्रॉबेरी घेऊन खाली येते. पाचगणीहून पसरणी घाट उतरते, साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीला घाट न चढता बोगद्यातून निघते, आणि वाशीला जायचं तर पुढे खंडाळ्याचा घाटही उतरायचाच. परतीला खंबाटकी घाट चढायचा, पण क्रेट रिकामे. रिकाम्या गाडीला नऊ टक्क्यांवर तिसऱ्यात ४.१०लासुद्धा १२३ न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे वर्षातले काही आठवडे गाडी घाटाची आणि बाकी सगळा हंगाम रात्रीच्या हायवेची. नाशवंत माल, पहाटेच्या आत मार्केटला पोचायचं, आणि संपूर्ण वाटेत इंजिन २,४२० फेऱ्यांवर घोंगावत ठेवायचं, हे मला धाकट्याच्या कानांसाठीही नको आणि डिझेलसाठीही नको.

दुसरं कारण धातूचं. क्राऊनचा व्यास हाउसिंगने बांधलेला असतो, तो वाढवता येत नाही. रेशो वाढवायचा तर पिनियन लहान करावं लागतं. आठ दातांच्या पिनियनचं डोकं दहा दातांच्या मानाने बारीक असतं आणि एका वेळी कमी दात भार घेतात. ज्या गाडीवर कधीमधी जास्त माल पडतो त्याच गाडीत सगळ्यात बारीक पिनियन घालायचं, हे माझ्या तपासणीच्या टेबलाला पटत नाही. मिस्त्रींनाही विचारलं, तुमच्याकडे दात तुटून येतात ते कुठले? थोडं थांबून म्हणाले, "पिनियनचे. आठचेच जास्त." त्यांनी हे मोकळेपणाने सांगितलं याचा मला आदर वाटतो.

सहा न्यूटन-मीटरच्या चिंतेवर माझं उत्तर असं, की नऊ टक्क्यांचे तुकडे वळणांच्या तोंडाशी आहेत आणि तिथे दुसरा गिअर घ्यावाच लागतो. तिसऱ्याने धरायचा आहे तो सहा-सात टक्क्यांचा लांब रस्ता.

धाकट्याने ओळखीच्या एकाची ३९-८ घातलेली पिकअप वाईहून शिरवळपर्यंत चालवून पाहिली. आल्यावर म्हणाला, "चढाला सोनं आहे. पण हायवेला सारखा सहावा गिअर शोधत होतो." ठरलं: ४१-९.

५ सप्टेंबर

पुण्यात नाना पेठेत गेलो. उद्या विसर्जन, रस्त्यांवर मांडवच मांडव. तरी आजच जायचं होतं, कारण ८ तारखेपासून पितृपंधरवडा आणि त्यात गाडीसाठी नवीन काही घ्यायचं नाही, हा आईचा शब्द. तो आम्ही पाळतो.

४१-९चा सेट गाडीच्या कंपनीचाच, भारी मालाच्या प्रकाराला लागणारा. घेताना तपासलं ते: क्राऊन आणि पिनियनवर कोरलेला जोडीचा क्रमांक एकच आहे का (या जोड्या कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेल्या असतात; एका सेटचा क्राऊन आणि दुसऱ्याचं पिनियन कधीही चालत नाही), पिनियनच्या स्प्लाइन (दांड्यावरच्या उभ्या खाचा), बेअरिंगच्या बैठकीचा व्यास, क्राऊनच्या बोल्टांची भोकं, आणि क्राऊनची पाठ ते दात ही जाडी. मापं मिस्त्रींनी अशाच एका उघडलेल्या हाउसिंगवरून चिठ्ठीवर दिली होती, व्हर्नियर माझ्या पिशवीत होता. दुकानदाराने काउंटर मोकळा करून दिला आणि शांतपणे मोजू दिलं.

सोबत पिनियनची दोन्ही बेअरिंग, कॅरियरची (क्राऊन ज्यावर बसतो त्या भागाची) दोन्ही, सील, नवी क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबणारी नळी), शिमांचं (पातळ चकत्यांचं) पाकीट आणि जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० ऑइल. सगळा खर्च, पुढची मजुरी धरून, दोन नव्या टायरांहून जास्त आणि चारांहून कमी.

२३ सप्टेंबर

काल घट बसले, आज गाडी गॅरेजला. मी रजा टाकली. हे काम मला डोळ्यांसमोर व्हायला हवं होतं.

जुना क्राऊन बाहेर आला तेव्हा दातांच्या पुढे ओढणाऱ्या बाजूला बारीक खड्डे दिसले, सुईच्या टोकाएवढे. आवाज अजून नव्हता, पण झीज सुरू झाली होती. चढाला सतत तळाच्या फेऱ्यांवर ओढत राहिलेल्या गाडीत असं होतं. जुनी जोडी तारेने एकत्र बांधून ठेवली.

आता बसवणी. लोक रेशोवर तासन्‌तास बोलतात आणि बसवणीवर पाच मिनिटंही नाही, आणि क्राऊन ओरडतो तो नेहमी बसवणीमुळे. चार गोष्टी जुळाव्या लागतात: पिनियन किती आत आहे, पिनियनच्या बेअरिंगवर किती दाब आहे, क्राऊन आणि पिनियनच्या दातांमध्ये बॅकलॅश, म्हणजे मोकळी फट, किती आहे, आणि कॅरियरच्या बेअरिंगवर किती दाब आहे. एक हलवली की दुसरी हलते.

नवा क्राऊन कॅरियरवर हातोड्याने ठोकून बसवायला मी नको म्हटलं. मिस्त्री हसले, त्यांचाही तो विचार नव्हताच. क्राऊन गरम ऑइलमध्ये तापवला आणि तो हाताने सरकून बसला. बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने, लॉकिंगचं द्रव लावून.

सुरुवात जुन्याच शिमने केली. बॅकलॅश डायल गेजवर ०.१८ मिमी आणला, क्राऊनवर चार ठिकाणी मोजला, चारही ठिकाणी जवळपास सारखा. मग दातांना मार्किंग ब्ल्यू लावला, चाकाला थोडा ब्रेक धरून शाफ्ट दोन्हीकडे फिरवला आणि छाप पाहिला. छाप दाताच्या माथ्याकडे सरकलेला. म्हणजे पिनियन क्राऊनपासून दूर आहे, आत घ्यायला हवं. या हाउसिंगमध्ये शिम पिनियनच्या डोक्यामागे बसते, म्हणून जाड शिम. ०.१० मिमी वाढवली, बेअरिंग पुन्हा काढून-घालून. आता छाप दाताच्या उंचीच्या मध्यावर आला, आणि लांबीत मध्यापासून किंचित आतल्या टोकाकडे. तो तसाच हवा. हलक्या हाताने घेतलेला छाप आतल्या टोकाकडे असला, की खऱ्या भाराखाली हाउसिंग आणि दात जरासे वाकतात आणि छाप मध्यावर येतो. हाताने फिरवताना बरोबर मध्यावर बसवला, तर घाटात तो बाहेरच्या टोकावर जाईल आणि कोपरा तुटेल.

उलट्या बाजूचा, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर भार घेणाऱ्या बाजूचा छापही तितक्याच बारकाईने पाहिला. बहुतेक ठिकाणी तो पाहतच नाहीत. आमची गाडी अर्धं आयुष्य घाट उतरण्यात काढते, तेव्हा इंजिन गाडीला मागून धरून ठेवतं ते याच बाजूच्या दातांनी.

पिनियनचा दाब: क्रश स्लीव्ह नवी, नट थोडा थोडा आवळत, फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने ओढ मोजत. काटा पुस्तिकेतल्या मर्यादेत आला तिथे थांबायचं. जास्त आवळलं गेलं तर नट सैल करून चालत नाही, स्लीव्ह नवी घालावी लागते. मिस्त्रींचा हात इथे विलक्षण आहे. नट कुठे थांबवायचा हे काटा सांगायच्या क्षणभर आधी त्यांना कळतं.

दिवेलागणीला ऑइल भरलं. गाडी उद्या सकाळी बाहेर काढायची.

२८ सप्टेंबर

रिकामी गाडी, मोकळा रस्ता, वेग कमी-जास्त करत. पहिली फेरी वाई-सुरूर-वाई, मग हाउसिंग पूर्ण थंड होऊ दिलं. नवी जोडी पहिल्यांदा तापते ती जास्त तापते, कारण हायपॉइड दात (पिनियन क्राऊनच्या मध्यापासून बाजूला सरकवलेल्या अशा जोडीचे) एकमेकांवर लोळण्याबरोबर घसरतातही, आणि नवे पृष्ठभाग अजून खरखरीत असतात. तिथल्या दाबाला साधं गिअर ऑइल फाटतं, म्हणून जीएल-५. पहिल्या शंभर किलोमीटरांत दोनदा थांबून गार केलं. नंतरचे काही दिवस हलकाच माल.

आवाज नाही. ना ओढताना, ना सोडताना.

२ ऑक्टोबर

दसरा. गाडीला झेंडूचं तोरण, पाने-रेंचची पूजा. त्यात यंदा माझा डायल गेजही ठेवला.

१२ ऑक्टोबर

भरलेली गाडी घाटात. पुन्हा वजनकाट्यावरून नेली, २,८८० किलो. मी शेजारी बसून लिहीत होते.

पसरणी सोडल्यावर तिसरा गिअर, ३५च्या आसपास, इंजिन १,६०० फेऱ्यांवर. सहा-सात टक्क्यांच्या रस्त्यावर तिसरा सहज धरला, पाय पूर्ण दाबावा लागला नाही. वळणांना दुसरा. आणि जो फरक धाकट्याला सगळ्यात जास्त सुखाचा वाटला तो असा, की वळण संपल्यावर तिसरा टाकला की तो टिकतो. आधी टाकायचा आणि परत काढायचा. नऊ टक्क्यांच्या एका तुकड्यावर मुद्दाम तिसऱ्यातच ठेवायला सांगितलं: गाडीने धरलं, वेग हळूहळू ३५वरून ३०च्या खाली आला. वहीत सहा न्यूटन-मीटर उरत होते, प्रत्यक्षात तेवढेही उरले नाहीत. सहा न्यूटन-मीटर म्हणजे एवढंच.

वर दांडेघरच्या अलीकडे पर्यटकांची रांग होती. चढावर थांबून उचलणं, थांबून उचलणं. पहिल्या गिअरमध्ये इंजिन ८०० फेऱ्यांवर असताना गाडी पूर्वी ताशी ६.९ किमीने सरकायची, आता ६.२ने. कागदावर किरकोळ दिसतं, पण क्लच पूर्ण सोडून रांगेबरोबर सरकता येतं, अर्धवट दाबून धरावा लागत नाही. वास आला नाही. वर पोचल्यावर हाउसिंगचं तापमान इन्फ्रारेड मीटरने ८८ अंश. ठीक.

९ नोव्हेंबर

मीटर आणि गव्हर्नर. हे काम क्राऊनइतकंच महत्त्वाचं आहे आणि त्याबद्दल आम्हाला कुणीच आपणहून सांगितलं नव्हतं.

या गाडीत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला आहे. त्याला शाफ्टच्या फेऱ्या कळतात, चाकाच्या नाही. आधी टायर मोठे असल्याने मीटर चार टक्के कमी दाखवत होतं: मीटरवर ८०, खरा वेग ८३. आता क्राऊनमुळे ते उलट झालं: खरा वेग ८०, मीटरवर ८५. जीपीएसशी ताडून पाहिलं, जुळतं. किलोमीटरही त्याच प्रमाणात जास्त पडतात, म्हणून ऑइल बदलाचा आणि ॲव्हरेजचा हिशेब मी दुरुस्त करून लिहिते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ऑक्टोबर २०१५नंतर बनलेल्या मालवाहू गाड्यांना ८०च्या मर्यादेचं स्पीड गव्हर्नर असतं, आणि आमच्या गाडीत ते याच सेन्सरवर चालतं. म्हणजे गाडी खऱ्या ७५लाच अडायला लागली. आणि आधी, मोठ्या टायरांवर, ती ८३पर्यंत जात होती, हेही बरोबर नव्हतं. गव्हर्नर बसवणाऱ्या अधिकृत केंद्रावर नेऊन टायरचं खरं माप आणि नवा रेशो सांगितला, त्यांनी पुन्हा जुळवून दिलं आणि प्रमाणपत्र दिलं. क्राऊन बदलणाऱ्या प्रत्येकाने हे करून घ्यायलाच हवं. फिटनेसच्या वेळी अडचण येते म्हणून नव्हे. भरलेली गाडी किती वेगात आहे हे चालवणाऱ्याला खरं कळलं पाहिजे.

३० नोव्हेंबर

स्ट्रॉबेरीचा माल सुरू झाला. काल रात्री वाशीला भरलेली गाडी गेली. ८०ला २,२५० फेऱ्या, धाकटा म्हणतो आवाज आधीपेक्षा थोडा वर आहे, पण बोलताना आवाज चढवावा लागत नाही. टाकी भरून ते टाकी भरून, मीटर दुरुस्त करून, हायवेचं ॲव्हरेज आधीच्या मानाने लिटरला साधारण अर्धा किलोमीटर कमी. हे मान्य करूनच आम्ही निवड केली होती.

उताराचं मात्र मला आधीपासून सांगायचं होतं. २,९०० किलो ५७० मीटर खाली येताना सुमारे १६ मेगाज्यूल उष्णता कुठेतरी जावी लागते. त्यातली साधारण पाच टायरांच्या लोळण्यात जाते. उरलेली अकरा इंजिन आणि ब्रेक यांनी वाटून घ्यायची. ती पस्तीस लिटर पाणी उकळीला आणण्याएवढी आहे. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगतात ते यासाठी. आता तिसऱ्यात त्याच वेगाला इंजिन ११ टक्के जास्त फिरतं आणि त्याची धरण चाकाला ११ टक्के जास्त पटीने मिळते, दोन्ही एकदम. पायथ्याशी ड्रमचं तापमान घेतलं. आधीच्या हंगामातले आकडे माझ्याकडे नाहीत, त्यामुळे तुलना लिहीत नाही. पण धाकटा ब्रेकला पूर्वीपेक्षा कमी वेळा पाय लावतोय, हे मी शेजारी बसून पाहिलं.

१४ डिसेंबर

मागच्या हाउसिंगचं ऑइल बदललं, पहिलं भरलेलं काढून टाकलं. नव्या जोडीचं पहिलं ऑइल लवकर काढायचं असतं, त्यात दातांची सुरुवातीची घासट असते. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट, बोटात चोळली तरी कण लागले नाहीत. चकती किंवा टोकदार तुकडा एकही नाही. बॅकलॅश फ्लँजवर हाताने पाहिला, होता तसाच.

टायर अजून हा हंगाम काढतील. नवे घेताना २१५/७५वर परत यायचं की २३५/७५च ठेवायचे, हे एप्रिलनंतर ठरवू. २१५/७५ घातले तर याच क्राऊनवर पाचव्यात ८०ला २,३६० फेऱ्या येतील आणि तिसऱ्यात नऊ टक्क्यांवर मागणी १८१ न्यूटन-मीटरवर उतरेल. दोन्ही आकडे वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवलेत, आणि खाली गव्हर्नर केंद्राचा फोन, कारण टायर बदलले की जुळवणी पुन्हा करून घ्यावी लागेल.